डेबियन १३ वर वजनकाट्याचा प्रोग्राम बिल्ड होत नाही, तर

प्रश्न थोडक्यात असा. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याजवळ एक संगणक आहे. काट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल केबलने वजन घ्यायचं आणि पावती छापायची, एवढं काम करणारा सी भाषेतला एक मुक्त-स्रोत प्रोग्राम त्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १० व्या आवृत्तीत चालत होता. प्रोग्राम लिहिणारा परदेशातला कोणी गृहस्थ, बरीच वर्षं त्याचा पत्ता नाही. आता नवा एसएसडी घेऊन त्यावर डेबियन १३ टाकलं आणि तोच सोर्स (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर), एक अक्षर न बदलता, बिल्ड होईना, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार होईना. पडद्यावर शंभराच्या वर चुका. विचारणारे भाऊ म्हणतात, ‘जुन्यावर चालत होतं म्हणजे सोर्स बरोबर आहे, नव्या डेबियनमध्येच बिघाड आहे. दसरा तोंडावर आलाय, गाड्या सुरू होतील. परत १० टाकू का?’

भाऊ, १० परत टाकू नका. त्याचा लांब मुदतीचा आधारसुद्धा जून २०२४ मध्ये संपला. आणि तुमचं गृहीतकच उलटं आहे. सोर्स बरोबर नव्हता. जुना कंपायलर, म्हणजे सोर्स मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, त्याच्या चुका पोटात घालत होता, नव्याने ते बंद केलं.

आधी त्या शंभर चुकांचा धसका काढून टाका. तुम्ही मला पडद्याच्या शेवटच्या वीस ओळी पाठवल्यात. मेक ही सगळ्या फाइली कंपायलरकडून बांधून घेणारी कमांड. तिच्या शेवटच्या ओळी म्हणजे मयताला कोण कोण आलं होतं त्याची यादी. माणूस कशाने गेला ते वर लिहिलेलं असतं. तुम्ही मेकला ‘जे ४’ दिलंय, त्यामुळे चार फाइली एकदम चालल्या आणि चौघींच्या चुका एकमेकींत कालवल्या गेल्या. ‘मेक क्लीन’ करा, मग साधा एकेरी मेक चालवा, चुकांसकट सगळा मजकूर ‘टी’ कमांडने एका फाइलमध्ये साठवा आणि वरून खाली येत पहिल्या ‘एरर’ शब्दावर थांबा. फक्त ती एक चूक सुधारा आणि पुन्हा चालवा. एक हेडर (फंक्शनं आणि टाइप जाहीर करणारी फाइल) सापडला नाही की त्याच्या पोटातले सगळे टाइप अनोळखी होतात आणि पुढे साठ-सत्तर चुका नुसत्या त्याच्या सावल्या असतात. माझ्या अनुभवात शंभराच्या यादीत खऱ्या चुका पाच-सातच निघतात. तुमच्यात सहा असाव्यात असा माझा अंदाज आहे, त्यातल्या चार मला तुमच्या मजकुरातून दिसल्या.

पहिली: ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन क्लोज’. तसंच ‘रीड’ आणि ‘यूस्लीप’ यांचं. सी भाषेत पूर्वी एखादं फंक्शन न सांगता-सवरता वापरलं तर कंपायलर समजून घ्यायचा, की हे पूर्णांक परत देत असेल. १९९९ च्या प्रमाणकाने ही सवलत काढून टाकली, पण जीसीसी, म्हणजे डेबियनमधला कंपायलर, पुढची २५ वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिला. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने तिची थेट एरर केली. डेबियन १० मध्ये जीसीसी ८ होता, १३ मध्ये १४ आहे. तुमच्या धंद्यातलं सांगतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. जुना ग्रेडर ‘जरा ओला दिसतोय हां’ म्हणत गाडी आत घ्यायचा, नवा मशीन लावून आकडा बघतो. कापूस मात्र तोच, तेवढाच ओला.

इलाज सोपा आहे. ‘मॅन २ क्लोज’ असं टाइप करा. पान उघडल्यावर वरच लिहिलेलं असतं की हे फंक्शन युनिएसटीडी.एच मध्ये आहे. ती इन्क्लूडची ओळ फाइलीच्या डोक्यावर घाला, संपलं. काही फंक्शनांच्या पानावर हेडरखाली आणखी एक अट असते, की अमुक मॅक्रो आधी डिफाइन केलेला हवा. ‘ग्नू सोर्स’ हा त्यातला नेहमीचा. तो पहिल्या इन्क्लूडच्याही वर लिहावा लागतो. चार हेडरांच्या खाली लिहिला तर काही उपयोग नाही, आणि निम्मी पोरं तिथेच अडकतात.

आता कोणीतरी तुम्हाला शॉर्टकट सांगेलच: मेकला ‘एफ-परमिसिव्ह’ झेंडा (फ्लॅग, म्हणजे कंपायलरला जादा सूचना) द्या, नाहीतर ‘एसटीडी जीएनयू ८९’ द्या, चुका परत वॉर्निंग होतील आणि बिल्ड होऊन जाईल. खरंच होऊन जाईल. क्लोज आणि रीड पूर्णांकच परत देतात, त्यामुळे तिथे नुकसानही नाही. पण तो झेंडा फंक्शन बघून लागत नाही, सगळ्यांना सरसकट लागतो. माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो, म्हणजे पटेल.

भुसावळला एका व्यापाऱ्याकडे असाच काट्याचा प्रोग्राम होता. इंडिकेटरकडून ओळ यायची, तीत कुठे मोठ्या, कुठे लहान लिपीत ‘केजी’ असायचं, ते शोधायला ‘स्ट्रकेसस्ट्र’ वापरलं होतं. ते फंक्शन पत्ता परत देतं, पूर्णांक नव्हे. त्याचं डिक्लरेशन नव्हतं, म्हणून कंपायलरने ३२ बिटांचा पूर्णांक धरला. ६४ बिटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापून टाकला. तरी जुन्या मशीनवर प्रोग्राम चालायचा! कारण तेव्हा प्रोग्रामचा डेटा मेमरीत खालच्या पत्त्यांवर बसायचा, वरचा अर्धा भाग शून्यच असायचा. कापला तरी काही जात नव्हतं. २०१७ च्या डेबियन ९ पासून प्रोग्राम मेमरीत कुठेही बसेल अशा तऱ्हेने बांधणं ही मूळ सेटिंग झाली, पत्ते उंच गेले आणि मी वॉर्निंगकडे काणाडोळा करून बांधलेला प्रोग्राम पहिल्या ट्रकलाच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून आडवा झाला. मे महिना, पत्र्याची केबिन, बाहेर ट्रकांची रांग आणि ड्रायव्हर खिडकीतून माझ्याकडे बघतायत. त्या दिवसापासून मी या एका वॉर्निंगला कधी गप्प बसवलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती लोकांत, कंपायलरपुढे नाही.

दुसरी: लिंक करताना, म्हणजे बांधलेले तुकडे एकत्र जोडताना, ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ पोर्ट एफडी’. एका हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल जाहीर केलाय आणि तो हेडर पाच फाइलींत घेतलाय, म्हणजे व्हेरिएबल पाच झाले. जीसीसी ९ पर्यंत हे पाचही गुपचूप एकत्र केले जात, २०२० च्या जीसीसी १० पासून तसं होत नाही. हेडरमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला ‘एक्सटर्न’ लावा आणि कोणत्या तरी एकाच सी फाइलमध्ये खरा व्हेरिएबल लिहा. पाच मिनिटांचं काम. इथे ‘एफ-कॉमन’ झेंडा देऊन भागवलं तरी मी नावं ठेवणार नाही.

तिसरी मजेशीर आहे: ‘स्टॅटिक डिक्लरेशन ऑफ स्ट्रएलसीपीवाय फॉलोज नॉन-स्टॅटिक’. हे फंक्शन जीलिबसीमध्ये (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीत) नव्हतं म्हणून लोक वर्षानुवर्षं आपापल्या प्रोग्रामात त्याची घरगुती नक्कल ठेवत आले. ऑगस्ट २०२३ च्या जीलिबसी २.३८ ने ते शेवटी आत घेतलं. डेबियन १३ मध्ये २.४१ आहे. आता एका घरात त्याच नावाचे दोघे झाले. घरगुती नकलेचं नाव बदला किंवा ती काढून टाका. काढायची असेल तर आधी दोघांचं वागणं सारखं आहे का ते वाचून घ्या. मी एका ठिकाणी घरगुती नक्कल उलट क्रमाने आर्ग्युमेंट घेणारी पाहिली आहे. लिहिणाऱ्याला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, तेव्हा सुचलं तसं लिहिलं.

चौथी ही चूकच नाही. ‘एमडी५ इनिट इज डेप्रिकेटेड’ असं येतंय आणि बिल्ड थांबतंय. ओपनएसएसएल या लायब्ररीच्या ३ व्या आवृत्तीने ही जुनी फंक्शनं ‘कालबाह्य’ ठरवली, काढलेली नाहीत. बिल्ड थांबतंय कारण मूळ लेखकाने मेकफाइलमध्ये ‘डब्ल्यू-एरर’ लिहून ठेवलंय, म्हणजे प्रत्येक वॉर्निंग ही एरर. लिहिणाऱ्याने स्वतःच्या टेबलावर ते ठेवावं, उत्तम शिस्त आहे. पण सोर्स लोकांच्या हातात देताना काढून टाकायला हवं होतं, कारण दहा वर्षांनंतरचा कंपायलर कशाकशावर वॉर्निंग देईल हे त्याला कुठून कळणार? ते बिनधास्त काढा. एमडी५ च्या जागी ओपनएसएसएलचा ईव्हीपी इंटरफेस वापरणं हंगाम उतरल्यावर करा.

मेकला बाहेरून ‘सीफ्लॅग्ज’ देताना मात्र सांभाळा. मेकफाइलमध्ये लेखकाने त्याच नावात हेडरांचे रस्ते लिहिलेले असतील तर तुमचं दिलेलं त्यांच्या डोक्यावर बसतं आणि आधी सापडत असलेले हेडरसुद्धा सापडेनासे होतात. झेंडे द्यायचेच तर कॉन्फिगर चालवताना द्या.

इथवरच्या चुका बोंबलणाऱ्या आहेत. त्या मला आवडतात, कारण त्या दिसतात. मला भीती वाटते ती न बोलणारीची.

तुमच्या सोर्समध्ये कॉन्फिगर स्क्रिप्ट आहे. ती काय करते? छोटे छोटे चार ओळींचे प्रोग्राम लिहून कंपाइल करून बघते. झाले तर ‘ही सोय आहे’, नाही झाले तर ‘ही सोय नाही’. आता असा चार ओळींचा प्रोग्राम लेखकाने २००५ साली हाताने लिहिलेला असेल, ‘मेन’च्या आधी ‘इंट’ लिहायचा आळस केला असेल, तर जीसीसी १४ तो नाकारतो. कॉन्फिगरला वाटतं सोयच नाही. ती ‘नो’ लिहून पुढे जाते. एकही एरर नाही, बिल्ड शेवटपर्यंत सुखरूप, सगळे खूश.

फेडोरा ४० हे जीसीसी १४ घेऊन येणारं पहिल्या काही वितरणांपैकी. ते एका गोदामात टाकलं होतं, तिथे पावतीचे दोन काउंटर. प्रोग्राम झटक्यात बिल्ड झाला, मी शेवभाजी खाऊन घरी आलो. चार दिवसांनी फोन: एकाच नंबरच्या दोन पावत्या निघतायत, एक एका शेतकऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याच. दिवसभर मी प्रिंटरला, मग नेटवर्कला, मग काउंटरवरच्या पोराला दोष देत होतो. औषध पखालीला चाललं होतं. शेवटी कॉन्फिगरचा जुना मजकूर काढून शेजारी ठेवला तर एका ओळीचा फरक: ‘चेकिंग फॉर वर्किंग फ्लॉक’ जुन्यात ‘येस’, नव्यात ‘नो’. फाइलला कुलूप लावण्याची सोयच प्रोग्रामने सोडून दिली होती. दोन्ही काउंटर एकाच क्षणी शेवटचा नंबर वाचायचे आणि दोघेही त्यात एक मिळवायचे. ‘मेन’च्या आधी तीन अक्षरं घातली आणि प्रश्न मिटला. शेतकऱ्यांच्या पावत्यांचा हिशेब मिटायला मात्र पंधरा दिवस गेले.

म्हणून हे तुम्ही कराच: जुन्या एसएसडीवर बिल्डची जुनी फोल्डर असेल, तीतली कॉन्फिग.एच (कोणती सोय आहे, कोणती नाही ते कॉन्फिगर जिथे लिहिते ती फाइल) काढा. नव्या मशीनवर कॉन्फिगर चालवून झाल्यावर तयार झालेली कॉन्फिग.एच तिच्याशी ‘डिफ’ने ताडून बघा. जिथे जुन्यात सोय ‘आहे’ आणि नव्यात ‘नाही’ झाली, ती प्रत्येक ओळ संशयित. मग कॉन्फिग.लॉग उघडा. त्यात तो चार ओळींचा प्रोग्राम आणि कंपायलरने त्यावर काय म्हटलं ते शब्दन् शब्द असतं. खरोखर लायब्ररी नाही म्हणून ‘नो’ आलं असेल तर त्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (हेडरांसकट येणारं) टाका. कंपायलर व्याकरणावरून अडला असेल तर चाचणीच दुरुस्त करा. कॉन्फिगर बनवून देणाऱ्या ऑटोकॉन्फच्या स्वतःच्या चाचण्या बहुधा धड असतात, हाताने घुसवलेल्या घात करतात. ‘ऑटोरिकॉन्फ’ चालवून कॉन्फिगर नव्याने बनवलं तरी हाताने लिहिलेली चाचणी जशीच्या तशीच येते, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका.

हे सगळं स्वतः उकरण्याआधी एक फेरी मारून या. तुमचा प्रोग्राम किंवा त्याला लागणारी लायब्ररी डेबियनने स्वतः पॅकेज केलेली असेल तर ‘एपीटी सोर्स’ने त्यांचा सोर्स उतरवा आणि त्यातली ‘डेबियन’ फोल्डर, तीत ‘पॅचेस’ उघडा. नवा जीसीसी यायचा असला की डेबियनवाले हजारो पॅकेजेस त्यावर आधीच बांधून बघतात आणि मोडलेल्यांची नोंद करतात. फेडोरा आणि जेंटूच्या लोकांनी जीसीसी १४ च्या आधी याच कामावर महिनोन्‌महिने घालवले. तुमची चूक त्यांच्यापैकी कोणीतरी सोडवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. दुसऱ्याचा पॅच घेण्यात कमीपणा नाही, न वाचता घेण्यात आहे.

पायथनचा अहवाल काढणारा तुकडा तुम्ही ओझरता लिहिलाय, त्याचं पटकन सांगतो. ‘डिस्टयूटिल्स’ सापडत नाही, कारण पायथन ३.१२ मध्ये ते काढून टाकलं आणि तुमच्याकडे आता ३.१३ आहे. ‘सेटअपटूल्स’ टाकलं की बहुतेक जुने सेटअप चालतात. पायथनची पॅकेजेस टाकणारा पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतोय तो बिघाड नाही, डेबियन १२ पासून तो तसाच आहे. व्हेन्व्ह (पायथनची वेगळी खोली) बनवा आणि त्यात पिप चालवा. ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा झेंडा कोणी सुचवला तर त्याचं नावच वाचा. सीमेक हे बिल्डचं दुसरं साधन तुमच्याकडे सध्या ३.३१ आहे, तो जुन्या प्रोजेक्टांवर नुसता कुरकुरतो. पिपने नवा ४ घेतलात तर ३.५ च्या आधीच्या काळातले प्रोजेक्ट तो सरळ नाकारील. तेव्हा जो आहे तो राहू द्या.

आणि तुमच्या मजकुरातल्या फाइलींच्या रस्त्यात (पाथमध्ये) एक गोष्ट दिसली, सोर्स तुम्ही ‘टेम्प’ फोल्डरमध्ये उघडलाय. डेबियन १३ नव्याने टाकलं की ती फोल्डर रॅममध्ये असते, रॅमच्या निम्म्यापर्यंत. चार जीबीच्या मशीनवर मोठं बिल्ड तिथे गुदमरतं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, गेली की दिवसभराच्या दुरुस्त्याही गेल्या. होममध्ये फोल्डर करा, पहिल्या बदलाआधी ‘गिट इनिट’ करून मूळ सोर्स जसाच्या तसा कमिट करा आणि पुढे एक चूक, एक कमिट.

दोन गोष्टी मात्र करू नका. जुना तयार प्रोग्राम नुसता उचलून आणलात तर तो ‘लिबएसएसएल १.१ सापडत नाही’ म्हणेल. तेव्हा नव्या लायब्ररीला जुन्याच्या नावाची लिंक करू नका. नाव तेच दिलं म्हणून आतला माणूस बदलत नाही, प्रोग्राम सुरू होईल आणि भलत्या ठिकाणी कोसळेल. तसंच सोर्सेसच्या यादीत डेबियन १० ची ओळ घालून तिथलं पॅकेज ओढू नका. आज एक लायब्ररी येईल, पुढच्या अपडेटला निम्मी सिस्टीम तिच्यामागे ओढली जाईल. दसऱ्याच्या आधी खरंच जमलं नाही तर पॉडमन या साधनात डेबियन १० चा कंटेनर (बाकी सिस्टीमपासून वेगळी बंद खोली) करा, त्याला इंटरनेट देऊ नका, फक्त सिरियल पोर्ट आणि पावत्यांची फोल्डर द्या आणि हंगाम काढा. उधारी आहे ती, पण व्याज कमी.

बिल्ड झाल्यावर पहिल्यांदा चालवाल तेव्हा ‘परमिशन डिनाइड’ आलं तर घाबरून परत सोर्समध्ये शिरू नका. नव्या सिस्टीमवर तुमचा यूजर ‘डायलआउट’ गटात नाही, एवढंच असतं. गटात घाला, लॉगआउट करून परत या.

मग जुना एसएसडी फॉरमॅट न करता दुसऱ्या एखाद्या मशीनला लावा आणि दोन दिवस दोन्ही बाजूंनी चालवा. तेच ट्रॅक्टर, आधी जुन्यावर, मग नव्यावर. वजन, पावतीचा नंबर आणि वेळ तिन्ही ताडून बघा, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी दोन्ही. दोन काउंटर असतील तर दोघांना एकाच वेळी बटण दाबायला लावा, निदान वीसदा. कॉन्फिग.लॉग आणि मेकचा पूर्ण मजकूर मला पाठवा, शेवटच्या वीस ओळी नकोत, पहिल्यापासून सगळा.